मधुमेहातील पायाची जखम : पट्टी रोज होते, मग ती भरत का नाही?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा आकडा सर्वत्र छापून आला. हृदय, मूत्रपिंड आणि डोळे यांच्यावर होणाऱ्या परिणामांची चर्चा त्या निमित्ताने झाली, पण पायाविषयी फारसे कोणी बोलले नाही. जागतिक अभ्यासांनुसार मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी पायाला न भरणारी जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के असते, म्हणजे साधारण तीन ते पाच जणांमागे एकाला हा प्रश्न भेडसावू शकतो. मधुमेहामुळे ज्यांचे पाय कापावे लागतात, त्यांच्यापैकी बहुतेकांची सुरुवात अशाच एका छोट्या जखमेपासून झालेली असते.

दवाखान्याच्या बाकावर बसलेले नातेवाईक जो प्रश्न विचारतात तो अगदी रास्त आहे. साखर आता ताब्यात आहे, पट्टी रोज बदलली जाते, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, पथ्यही पाळले जाते, तरी तळपायाची ती रुपयाएवढी जखम तीन महिने जशीच्या तशी का? या प्रश्नाचे उत्तर रुग्णाला बहुधा सर्वांत शेवटी मिळते, आणि ते आधी मिळाले असते तर अनेक पाय वाचले असते, असे मला मनापासून वाटते. म्हणून ते येथे पायरीपायरीने मांडतो.

दुखणे थांबले की काय काय थांबते

अनेक वर्षे रक्तात साखर जास्त राहिली की शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू, म्हणजे पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू, आधी निकामी होऊ लागतात. याला न्यूरोपथी म्हणतात. सुरुवात बोटांपासून होते आणि बधिरपणा हळूहळू मोजा घातल्यासारखा वर चढत जातो. हे इतके सावकाश घडते की आपल्याला काही कमी जाणवू लागले आहे, हे माणसाच्या लक्षातच येत नाही.

मज्जातंतूंचे काम केवळ दुखल्याची वर्दी देण्याचे नसते. धडधाकट माणूस उभा असताना नकळत भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकतो, चप्पल चावू लागली की चाल बदलतो, खडा टोचला की पाऊल अर्ध्यावरच उचलतो. बधिर पायाचा माणूस यांतले काहीच करत नाही. तो त्याच जागेवर, तेवढ्याच जोराने, दिवसभर पाऊल टाकत राहतो. चपलेच्या तळातून आत आलेला खिळा संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसेपर्यंत कळत नाही, आणि अशा घटना मधुमेहाच्या दवाखान्यांत मुळीच दुर्मीळ नाहीत.

न्यूरोपथी आणखी दोन गोष्टी करते. पायातील लहान स्नायूंना आज्ञा देणारे तंतू गेले की ते स्नायू झिजतात, बोटे नख्यांसारखी वाकतात आणि चवड्याखालची हाडे तळव्याकडे ढकलली जातात. घाम नियंत्रित करणारे तंतू गेले की कातडी कोरडी पडते आणि टाचांना खोल भेगा पडतात. याच तंतूंच्या बिघाडामुळे कातडीतील रक्तप्रवाहाचे नियंत्रण सुटते, पाय उबदार लागतो आणि त्यावरच्या शिरा फुगलेल्या दिसतात. पाहणाऱ्याला वाटते की रक्तपुरवठा उत्तम आहे. पायाच्या ऊबेवरून निष्कर्ष काढू नये, हे त्यामुळेच सांगावे लागते.

“पण माझ्या पायांची तर रात्रभर आग होते”

ही हरकत फार वेळा ऐकू येते आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ज्याच्या पायांची आग होते, ज्याच्या तळव्यांना मुंग्या येतात, त्याला आपला पाय बधिर आहे हे पटणार कसे? वस्तुस्थिती अशी की बिघडलेले तंतू स्वतःहून चुकीचे संदेश पाठवत असतात. आग होणे हा त्या बिघाडाचाच आवाज असतो. बाहेरून टोचलेला काटा मात्र त्याच पायाला कळत नाही. आग आणि बधिरपणा एकाच पायात सुखाने नांदतात, आणि आग होते म्हणून पाय जागा आहे असे समजणारा रुग्ण सर्वांत जास्त धोक्यात असतो, कारण तो तळवा पाहण्याचे कष्ट घेत नाही.

घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी सुचवली आहे. रुग्णाने मोजे काढून आडवे व्हावे आणि डोळे मिटावेत. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने आपल्या तर्जनीचे टोक त्याच्या पायाच्या बोटांच्या टोकांना अगदी हलके, एक-दोन सेकंद टेकवावे. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी अशा मिळून सहा जागा होतात. दाबू नये, गुदगुल्या करू नयेत, आणि एखाद्या जागी कळले नाही तर पुन्हा स्पर्श करून संधी देऊ नये. सहापैकी दोन किंवा अधिक जागी स्पर्श कळला नाही तर संरक्षक संवेदना, म्हणजे इजा झाल्याचे कळवणारी जाणीव, गेली असण्याची दाट शक्यता असते. मग डॉक्टरांकडे जाऊन नायलॉनच्या तंतूने किंवा कंपनकाट्याने रीतसर तपासणी करून घ्यावी.

काही लागले नाही, मग जखम आली कोठून?

“कशाने तरी चिघळली” असे रुग्ण सांगतो, कारण जखमेला निमित्त हवेच अशी आपली समजूत असते. खिळा, काच, नवी चप्पल किंवा गरम पाणी अशी निमित्ते असतातही. पण तळपायाच्या पुष्कळ जखमा बाहेरून येतच नाहीत.

चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, एक पिवळसर घट्टा हाताने चाचपून पाहा. तिथे हाडाचा दाब सतत पडतो म्हणून कातडी जाड होते. ती जाड झाली की स्वतःच खडा होऊन बसते आणि दाब आणखी वाढवते. काही आठवड्यांनी त्या घट्ट्याच्या मध्यभागी तपकिरी किंवा जांभळट ठिपका दिसू लागतो. तो मळ नसतो, आत साकळलेले रक्त असते. घट्टा वरून कोरडा आणि शाबूत दिसत असताना त्याच्याखाली पोकळी तयार झालेली असते, आणि एके दिवशी कड सुटून ओलसर डाग फरशीवर उमटतो. रुग्णासाठी जखम त्या दिवशी झाली. प्रत्यक्षात ती महिनाभर आधीची असते. घट्ट्यातला काळा ठिपका दिसताच डॉक्टरांकडे जाणारा माणूस पुढचे बरेच काही टाळतो.

म्हणूनच घट्टा किंवा भोवरी घरी ब्लेडने कापणे धोक्याचे आहे, आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आम्लयुक्त कॉर्न पट्ट्या लावणे त्याहूनही. हाताखाली कोठवर कापले किंवा जळले, हे सांगणारी वेदनाच तेथे नसते.

साखर ताब्यात आहे, मग अडते कोठे?

साखर ताब्यात ठेवणे अत्यावश्यक आहे, याबद्दल शंका नाही. वाढलेल्या साखरेमुळे पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढू शकत नाहीत आणि संसर्ग झपाट्याने पसरतो. परंतु आज साखर उतरली म्हणून दहा-पंधरा वर्षांत मेलेले तंतू जिवंत होत नाहीत, वाकलेली बोटे सरळ होत नाहीत आणि अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत नाहीत. साखरेच्या अहवालाकडे पाहून पायाबद्दल निश्चिंत होणे ही सुशिक्षित रुग्णांचीही फार मोठी चूक असते.

रक्तपुरवठ्याचा प्रश्न वेगळा तपासावा लागतो. पावलावरील आणि घोट्यामागील नाडी डॉक्टर बोटांनी पाहतात, गरज वाटल्यास पायाचा आणि दंडाचा रक्तदाब यांची तुलना करतात किंवा रक्तप्रवाह पाहणारी डॉप्लर तपासणी सांगतात. एखाद्याच्या पायाचे रक्त अडले असेल तर ते मोकळे केल्याशिवाय बाकीच्या उपचारांना यश मिळणे अवघड असते. तंबाखू आणि विडी-सिगारेट या रक्तवाहिन्यांचे उरलेसुरले बळही घालवतात. येथे थांबून विचारावा असा एक प्रश्न प्रत्येक नातेवाइकाने डॉक्टरांना विचारावा : “पायाला रक्त पुरेसे पोचते का, हे तपासले आहे का?”

जखमेवरचा भार, म्हणजे मुख्य उपचार

रक्तपुरवठा ठीक, संसर्ग नाही, साखर बरी, आणि तरीही तळपायाची जखम भरत नाही, तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असते. रुग्ण तिच्यावर चालतो आहे. नुकतीच सारवलेली जमीन वाळायच्या आत तिच्यावरून येजा करत राहिले तर ती कधीच धरत नाही, मग शेण कितीही चांगले घ्या आणि हात कितीही सफाईने फिरवा. दिवसभरात तयार झालेला नाजूक नवा थर पुढच्या शंभर पावलांत चिरडला जातो. मलम महागाचे असले तरी त्याला हे थोपवता येत नाही.

जखमेवरचा भार काढून घेण्याच्या या उपचाराला ऑफलोडिंग म्हणतात, आणि त्याचा इतिहास आपल्या देशाशी जोडलेला आहे. कुष्ठरुग्णांच्या तळपायाच्या जखमांसाठी पायाला घट्ट लपेटणारे प्लॅस्टर घालण्याची पद्धत भारतात आणि श्रीलंकेत १९३० च्या दशकात वापरली गेली. पुढे १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णाचे हातपाय आपोआप सडत नाहीत. वेदना हरपल्यामुळे रोजच्या वापरातून होणाऱ्या इजा त्यांचा घात करतात. ब्रँड १९६० च्या दशकात अमेरिकेत गेले, तेथे हीच पद्धत मधुमेहींसाठी रुळली आणि टोटल कॉन्टॅक्ट कास्ट या नावाने ती आज जगभर ओळखली जाते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत अशा प्लॅस्टरने १२ आठवड्यांत सुमारे ९० टक्के जखमा भरल्या. काढता-घालता येणाऱ्या बुटाने सुमारे ६५ टक्केच भरल्या.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही तळपायाच्या जखमेसाठी गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला स्वतः काढता न येणारे साधन ही पहिली निवड आहे. रक्तपुरवठा फारच कमी असेल किंवा संसर्ग खोल असेल तर मात्र ते चालत नाही. तो निर्णय डॉक्टरांचाच.

“घरातल्या घरात चार पावले चाललो तर काय बिघडते?”

काढता येणारा बूट आणि न काढता येणारे प्लॅस्टर यांत एवढा फरक का, याचा शोध २००३ मध्ये घेतला गेला. रुग्णांच्या कमरेला आणि त्यांचा सहज हात पोचणार नाही अशा रीतीने बुटात, अशी पावले मोजणारी यंत्रे बसवली गेली. रुग्णांच्या एकूण हालचालींपैकी केवळ २८ टक्के हालचाल बूट घालून झाली होती. बाकीची पावले बुटाशिवाय पडली. हे रुग्ण बेफिकीर होते असे मी मानत नाही. घर म्हणजे सुरक्षित जागा, आणि उपचार म्हणजे बाहेर जाताना करायची गोष्ट, असे आपण सगळेच धरून चालतो.

आपल्याकडे याला आणखी एक अडचण आहे. चप्पल दाराबाहेर काढण्याचा संस्कार पक्का असतो, देवघराजवळ किंवा स्वयंपाकघरात पायताण घालून जाणे अनेकांना, विशेषतः ज्येष्ठ स्त्रियांना, अपराधासारखे वाटते. यावरचा उपाय अगदी सोपा आहे : घरात वापरायचा एक स्वतंत्र, स्वच्छ जोड ठेवावा, जो उंबऱ्याबाहेर कधीच जात नाही. रात्री लघवीला उठताना घेतलेली वीस पावलेसुद्धा पावलेच असतात, म्हणून तो जोड पलंगाला लागून असावा.

“कामावर गेलो नाही तर घर कसे चालेल?”

या हरकतीला उपदेशाने उत्तर देणे अन्यायाचे होईल. रिक्षा चालवणारा, भाजी विकणारी, शेतात राबणारा माणूस तीन महिने झोपून राहू शकत नाही, आणि झोपून राहा असे सांगून डॉक्टर मोकळे झाले तर तो निम्म्या वाटेवर उपचार सोडतो. म्हणून पहिल्याच भेटीत स्वतःचे काम नेमके काय आहे ते डॉक्टरांना सांगावे. उभ्याचे काम बसून करता येते का, जिने टाळता येतील का, प्लॅस्टर किंवा गुडघ्यापर्यंतचा बूट घालून किती चालणे परवडेल, याचा हिशेब एकत्र मांडता येतो. ज्यांना महागडे साधन शक्य नसते त्यांच्यासाठी जखमेची जागा कापून बनवलेल्या जाड फेल्टच्या गाद्या योग्य पादत्राणांसोबत वापरता येतात. त्या प्लॅस्टरइतक्या परिणामकारक नसतात, तरी काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बऱ्या. घरच्यांनी पाणी भरणे, बाजारहाट, नातवंडांची ने-आण ही कामे काही आठवडे स्वतःकडे घेतली तर तोही उपचाराचाच भाग झाला.

“चाकू लावला की पाय जातो”

गावोगावी ऐकू येणारी ही भीती अनुभवातून आलेली आहे. शेजारच्या कोणाचे बोट कापले, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, आणि लोकांच्या मनात क्रम पक्का बसला. त्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. मृत कातडी, घट्टा आणि सडका भाग काढून जखमेची कड ताजी करणे याला डिब्राइडमेंट म्हणतात. ते पाय वाचवण्यासाठी असते, आणि न केल्यास मृत भागाच्या आडोशाने जंतू वाढतात. बोट कापल्यानंतर पाय गेला, अशा कहाण्यांत बहुधा रुग्ण उशिरा पोचलेला असतो किंवा रक्तपुरवठा न पाहताच शस्त्रक्रिया झालेली असते.

“मग चांगली अँटिबायोटिक द्या” हा आग्रहही समजून घ्यावा. संसर्ग नसलेल्या जखमेला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. लाली, सूज, गरमपणा, पू किंवा नव्याने दुखणे, यांपैकी किमान दोन गोष्टी दिसल्या तर संसर्ग धरतात. लाली जखमेच्या कडेपासून २ सेंटीमीटरच्या पलीकडे पसरली, दुर्गंधी येऊ लागली, बोट काळे-निळे पडले, थंडी वाजून ताप आला किंवा पथ्य पाळूनही साखर अचानक चढली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेहात खोल संसर्ग असूनही ताप नसणे शक्य असते, म्हणून तापाची वाट पाहू नये. जखम नसताना एक पाऊल सुजले, लाल आणि गरम झाले, तर मुरगळले समजून चोळू नये. आतील हाडे मोडत असण्याची ती खूण असू शकते.

जखम सुधारते आहे की नाही याला एक साधे माप आहे. चार आठवड्यांत तिचे क्षेत्रफळ साधारण निम्मे झाले नसेल, तर त्याच उपचाराने ती पुढेही भरण्याची शक्यता कमी असते आणि रक्तपुरवठा, भार, हाडातील संसर्ग हे सगळे नव्याने तपासायला हवे. दर आठवड्याला शेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर छायाचित्र काढावे. “बरी आहे” या तोंडी अंदाजापेक्षा ते डॉक्टरांना कितीतरी उपयोगी पडते.

रोजची नजर, आणि काही जपून पाळायच्या प्रथा

रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा. दृष्टी अधू असेल तर, आणि मधुमेहात ती अनेकांची असते, घरातील कोणीतरी पाहावे. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. पाय धुण्याचे पाणी कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने तपासावे आणि पाय भिजत घालून बसू नये. भेगांना तेल-मलम लावावे, बोटांच्या बेचक्यांत मात्र लावू नये. अंगठ्यात अडकवायच्या चपलेपेक्षा मागे पट्टा असलेली, बोटांना ऐसपैस जागा देणारी सँडल बरी. मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, म्हणजे एमसीआरची पादत्राणे मूळची कुष्ठरुग्णांसाठी वापरली गेल्याने काहींना ती घालण्याचा संकोच वाटतो. आता ती नेहमीच्या चपलांसारखी दिसतील अशीही बनवतात. पायाला सूज येत असेल तर घट्ट जोडवी सैल करून घ्यावीत, कारण बोटाला पडलेला वळ आत रुतेपर्यंत कळत नाही. जमिनीवर झोपणाऱ्यांच्या बधिर पायांना रात्री उंदीर चावल्याच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी केल्या आहेत, तेव्हा पाय झाकून झोपणे हे साधे खबरदारीचे पाऊल आहे.

नवरात्रातील अनवाणी व्रत, आषाढीची वारी, नवसाची पायी यात्रा यांना श्रद्धेचे मोल आहे आणि ते मोल जाणूनच लिहितो : ज्याची संवेदना गेली आहे त्याने अनवाणी चालू नये. देवळाच्या आवारातील भर दुपारची फरशी काही मिनिटांत तळवा भाजते आणि भाजल्याचे कळत नाही. दर्शनाला पहाटे जावे, परवानगी असेल तेथे जाड मोजे घालावेत. वारीत योग्य पादत्राणांनी, रोज मुक्कामी तळवे पाहून, डॉक्टरांशी आधी बोलून जाता येईल की नाही ते ठरवावे. उघडी जखम असताना मात्र वाहनाने जावे.

जखम भरली, आता पुढे?

बहुतेक रुग्णांच्या लेखी जखम म्हणजे आली आणि गेली अशी घटना असते. आकडे वेगळे सांगतात. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात आणि ६५ टक्के पाच वर्षांत पुन्हा होतात, कारण बधिरपणा, वाकलेली बोटे आणि दाबाची जागा हे सगळे तसेच राहिलेले असते. भरलेली कातडी दिसायला बंद असली तरी नाजूक असते, त्यामुळे प्लॅस्टर निघाल्यावर लगेच पूर्ववत चालणे सुरू न करता चालणे टप्प्याटप्प्याने वाढवावे, आणि त्याच आठवड्यात दाब वाटून देणाऱ्या पादत्राणांचे माप द्यावे. जुन्या चपला पुन्हा घालू नयेत. बऱ्याचदा जखम त्यांच्यातच झालेली असते.

ज्यांचा पाय अजून धडधाकट आहे अशा प्रत्येक मधुमेहीने वर्षातून एकदा पाय तपासून घ्यावेत. संवेदना गेली असेल तर दर सहा महिने ते वर्षाने, सोबत रक्तपुरवठा कमी असेल किंवा पायाचा आकार बदलला असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि एकदा जखम होऊन गेली असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी हवी. या तपासणीला जाताना मोजे काढून ठेवावेत आणि रोज वापरातली चप्पल घालूनच जावे, म्हणजे डॉक्टरांना पायाबरोबर तीही उलटीपालटी करून पाहता येते आणि तळ कोठे सर्वांत जास्त झिजला आहे ते कळते.